रंगीत रिळांमधला नाझी जर्मनी

16 जुलै 1939, रविवार. म्युनिक शहरातून एक प्रचंड मिरवणूक निघाली होती. चिलखत चढवलेले घोडेस्वार, चित्ररथांवर उभारलेले सोनेरी गरुड, ग्रीक देवतांच्या प्रतिमा, मध्ययुगीन पोशाखातल्या तरुणी. जर्मन संस्कृतीची दोन हजार वर्षं हा तिचा विषय होता आणि निमित्त होतं 'जर्मन कलादिना'चं. उत्सवाला हिटलर स्वतः हजर होता. हान्स फायरआबेंड नावाचा म्युनिकचा एक हौशी चित्रणकार 16 मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन त्या गर्दीत हिंडत होता. त्याच्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म होती.

आज ते चित्रण पाहताना डोळ्यांत भरतो तो लाल रंग. हा रंग नाझींनी फार विचारपूर्वक निवडला होता. पक्षाच्या झेंड्यासाठी आणि भित्तिपत्रकांसाठी लालच का घेतला, हे हिटलरने 'माइन काम्फ'मध्ये सविस्तर लिहून ठेवलं आहे. पण आपल्या मनातला नाझी जर्मनी लाल नाही, करडा आहे. लेनी रीफेनस्टाल या दिग्दर्शिकेचा न्युरेंबर्गच्या नाझी मेळाव्यावरचा चित्रपट, त्या काळची वार्तापत्रं, छळछावण्यांची छायाचित्रं हे सगळं आपण कृष्णधवल पाहिलं. त्यामुळे ती राजवट आपल्या जगापासून तुटलेल्या, धुरकट काळात घडून गेली असं वाटत राहतं. फायरआबेंडच्या चित्रणात मात्र त्या दिवसाचं ऊन आजच्यासारखं ऊन आहे. माणसं हसतात, टाळ्या वाजवतात, लहान मुलांना खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवतात.

त्याच शहराचं मुख्य सिनेगॉग जून 1938 मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी, हिटलरच्या हुकमावरून पाडून टाकलं गेलं होतं. डाखाऊची छळछावणी तिथून 15-16 किलोमीटरवर होती आणि ती मार्च 1933 पासून चालू होती. मिरवणुकीनंतर सात आठवडे उलटायच्या आत जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. यातलं काहीही त्या रंगीत चित्रणात नाही. कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याला ते दाखवायचं नव्हतं, कदाचित दिसतही नव्हतं. हुकूमशाहीची रंगीत चित्रफीत पाहताना ही गोष्ट सतत जवळ बाळगावी लागते. रंग आपल्याला त्या काळाच्या अगदी निकट नेतात, पण नेतात ते कॅमेरेवाल्याच्या शेजारी.

हे रंग आले कुठून? चित्रपट रंगीत करण्याची खटपट जगभर बरीच आधीपासून चालू होती आणि त्या बाबतीत जर्मनीचं नाव मोठं होतं. आपल्याकडच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीलाच गेले होते. 1933 साली तो पडद्यावर आला, पण रंग मनाजोगे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. हिटलर सत्तेवर आला तो त्याच वर्षी. त्यानंतर तीन वर्षांत परिस्थिती पार बदलली. 1935 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीने 16 मिलिमीटरच्या हौशी कॅमेऱ्यांसाठी कोडॅक्रोम फिल्म बाजारात आणली. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की या तिच्या दोन जनकांचा पेशा संगीताचा होता. कोडॅक्रोमचे रंग टिकाऊ आणि झळाळते, पण ती धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट की फिल्म कंपनीच्याच प्रयोगशाळेत पाठवावी लागे. पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, जर्मनीच्या आगफा कंपनीने वेगळी वाट काढली. रंग तयार करणारी रसायनं फिल्मच्या थरांमध्येच आधी बसवून ठेवायची, म्हणजे धुताना तिन्ही रंग एकाच वेळी उमटतात. पुढे जगातल्या बहुतेक रंगीत फिल्म याच तत्त्वावर बनल्या.

आगफा ही आय. जी. फार्बेन या महाकाय रसायन उद्योगाची शाखा होती आणि तिचा मोठा कारखाना व्होल्फेनला होता. याच आय. जी. फार्बेनने पुढे ऑशवित्झजवळ कृत्रिम रबराचा कारखाना उभारून कैद्यांना मरेपर्यंत राबवलं. छावण्यांना विषारी वायू पुरवणाऱ्या कंपनीतही तिची भागीदारी होती. नाझी जर्मनीच्या रंगीत आठवणी ज्या उद्योगाने घडवल्या, त्याचीच यंत्रणा संहारातही गुंतलेली होती.

रंगीत फिल्म महाग होती. कॅमेरा बाळगणं, फिल्म विकत घेणं, ती धुवायला पाठवणं हे सुखवस्तू माणसाचं काम. 1936 नंतरच्या जर्मनीत सुखवस्तूही असायचं आणि निर्धोकपणे कॅमेरा घेऊन फिरायचंही, तर राजवटीशी जमवून घेतलेलं असणं ओघानेच आलं. युद्ध सुरू झाल्यावर तर रंगीत फिल्म मिळवायलाही ओळख लागे. म्हणून त्या काळच्या अस्सल रंगीत चित्रणात एक ठरावीक जग दिसतं: सहली, लग्नं, पक्षाचे मेळावे, सुट्टीवर आलेले गणवेशातले तरुण, जिंकलेल्या गावांतले सैनिक.

या चित्रणांत सर्वांत प्रसिद्ध आहेत ती इव्हा ब्राउनची रिळं. हिटलरचा खाजगी छायाचित्रकार हाइनरिश हॉफमान याच्या म्युनिकमधल्या दुकानात ती नोकरीला होती. हिटलरशी तिची ओळख तिथेच झाली. कॅमेरा हाताळणं तिला चांगलं जमत होतं. आल्प्सच्या कुशीत ओबरझाल्सबर्गला हिटलरचं 'बर्गहोफ' नावाचं घर होतं. तिथली मोठी गच्ची, मागे डोंगर, वेताच्या खुर्च्या, कुत्रे, पाहुण्यांची मुलं हे सगळं तिने 16 मिलिमीटरवर टिपलं, बरंचसं रंगीत. तळ्याकाठी ती स्वतः कसरती करताना दिसते. हिटलर एका लहान मुलीचा हात धरून चालतो. हिमलर, गोबेल्स, श्पेअर हे राजवटीतले बडे लोक उन्हात उभे राहून गप्पा मारतात. इव्हा ब्राउन नावाची बाई हिटलरच्या आयुष्यात आहे, हे त्या वेळी सर्वसामान्य जर्मन नागरिकाला ठाऊकही नव्हतं.

ही रिळं पाहून पहिल्यांदा वाटतं ते असं की, अरे, हीही माणसंच होती. तेवढ्यावर थांबलं तर चूक होते. बर्गहोफ हे केवळ सुट्टीचं घर नव्हतं. फेब्रुवारी 1938 मध्ये ऑस्ट्रियाचा चान्सलर शुश्निग याला तिथेच बोलावून धमकावण्यात आलं आणि महिन्याभरात ऑस्ट्रिया गिळंकृत झाला. सप्टेंबर 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा प्रश्न घेऊन ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन तिथेच आले. 22 ऑगस्ट 1939 रोजी हिटलरने आपल्या सेनापतींना तिथे जमवलं आणि पोलंडवरच्या चढाईचा आपला निर्धार सांगितला. त्या वास्तूत शिजलेलं एकही कारस्थान इव्हाच्या कॅमेऱ्याने पाहिलं नाही. बैठकांच्या वेळी तिला समोर यायला मनाईच असे. म्हणजे रिळं खोटी नाहीत, पण ज्या खोलीत इतिहास घडत होता तिचं दार त्यांच्यासाठी बंद होतं.

रंगाची ताकद प्रचारमंत्री गोबेल्सनेही ओळखली होती. हॉलिवूडचे रंगीत चित्रपट पाहून त्याला आपणही मागे राहू नये असं वाटे. जर्मनीचा पहिला पूर्ण लांबीचा आगफाकलर चित्रपट 1941 मध्ये आला. त्यातल्या फिक्या रंगांवर गोबेल्स नाराज होता. मार्च 1943 मध्ये, म्हणजे स्टालिनग्राडच्या पराभवाला जेमतेम महिना झाला असताना, उफा या चित्रपट कंपनीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 'म्युन्शहाउझेन' हा डोळे दिपवणारा रंगीत चित्रपट झळकला. शेवटी शेवटी तर लढाईसाठी माणूस पुरत नसताना 'कोलबर्ग' या ऐतिहासिक चित्रपटासाठी हजारो सैनिक गर्दीत उभे केले गेले. त्याचं उद्घाटन झालं 30 जानेवारी 1945 रोजी. पडद्यावर जे कोलबर्ग शहर शत्रूपुढे हार मानत नाही, ते प्रत्यक्षात दीड महिन्यात रशियन आणि पोलिश फौजांच्या हाती पडलं.

आगफाकलरचा आणखी एक उपयोग पोलंडमधल्या लॉड्झ शहरात झाला. मला विचाराल तर या साऱ्या कहाणीचं मर्म तिथेच आहे.

1940 च्या वसंतात नाझींनी लॉड्झच्या एका दरिद्री भागाला कुंपण घालून सुमारे 1,60,000 ज्यूंना आत कोंडलं. या घेट्टोचा कारभार पाहणाऱ्या जर्मन कचेरीत वाल्टर गेनेवाइन नावाचा ऑस्ट्रियन माणूस मुख्य हिशेबनीस होता. त्याला छायाचित्रणाचा नाद होता. शिवणकामाच्या ओळी, चामड्याचे कारखाने, पेंढ्याचे जोडे विणणाऱ्या बायका, सैन्याच्या गणवेशांचे ढीग, रस्त्यावरची गर्दी अशा शेकडो रंगीत पारदर्शिका (स्लाइड) त्याने काढल्या. घेट्टो कसा नीट चालतो, त्यातून जर्मनीला किती माल मिळतो, हे त्याला दाखवायचं होतं. चित्रांवर तांबूस छटा येते अशी तक्रार त्याने फिल्म बनवणाऱ्या कंपनीकडे पत्राने केली होती. हिशेबाच्या वहीत आकडा चुकला तर कारकून जसा अस्वस्थ होतो, तसा तो त्या छटेने अस्वस्थ होत होता. आणि ज्या माणसांच्या चेहऱ्यावर ती छटा पडत होती, ती माणसं भुकेने आणि रोगाने मरत होती. जानेवारी 1942 पासून लॉड्झमधून खेल्म्नोच्या मृत्युछावणीकडे लोकांची रवानगी सुरू झाली. त्या सप्टेंबरात दहा वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं अशा पंधरा हजारांहून अधिक जणांना आठवडाभरात ओढून नेण्यात आलं. ऑगस्ट 1944 मध्ये उरलेल्यांना ऑशवित्झला पाठवून घेट्टो रिकामा केला गेला.

याच घेट्टोत आणखी दोघांच्या हाती कॅमेरा होता. मेंडेल ग्रॉसमन आणि हेन्रिक रॉस हे दोघे ज्यू छायाचित्रकार घेट्टोच्या अंतर्गत कचेरीत कामाला होते. ओळखपत्रांसाठी आणि मालाच्या जाहिरातीसाठी फोटो काढणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम. पण जिवावर उदार होऊन त्यांनी लपूनछपून वेगळेच फोटो काढले: मैल्याच्या गाड्या ओढणारी माणसं, कुंपणापाशी निरोप घेणारी कुटुंबं, रवानगीच्या रांगा. ग्रॉसमन 1945 मध्ये, युद्ध संपता संपता, कैद्यांच्या पायपिटीत मेला. रॉसने आपल्या निगेटिव्ह जमिनीत पुरल्या आणि जगला वाचला म्हणून मार्च 1945 मध्ये स्वतःच उकरून काढल्या. ओलीने त्यातल्या कित्येक खराब झाल्या होत्या. या दोघांचं सगळं काम कृष्णधवल आहे. रंगीत फिल्म त्यांना मिळणार कुठून?

एकच शहर, एकच कुंपण, तीच वर्षं. मारणाऱ्यांच्या हिशेबनिसाची नजर रंगीत उरली आणि मरणाऱ्यांची नजर करडी. आपण 'रंगीत म्हणजे खरं, कृष्णधवल म्हणजे जुनं' असं नकळत मानत असू, तर आपण हिशेबनिसाला जास्त खरा साक्षीदार ठरवतो.

छळछावणीचं सत्य रंगात टिपणारा कॅमेरा आला तो बाहेरून. हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स अमेरिकी सैन्याच्या चित्रण पथकाचा प्रमुख म्हणून नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत फिरला. पथकाचं अधिकृत काम 35 मिलिमीटर कृष्णधवल फिल्मवर चाले, कारण वार्तापत्रं तीच वापरत. स्टीव्हन्सने स्वतःजवळ मात्र कोडॅक्रोम भरलेला 16 मिलिमीटरचा कॅमेरा ठेवला होता. 29 एप्रिल 1945 रोजी डाखाऊ मुक्त झालं आणि त्यानंतर लगेच तो तिथे पोचला. छावणीबाहेर उभ्या असलेल्या सुमारे 40 डब्यांच्या आगगाडीत दोन हजारांहून अधिक प्रेतं होती. कैद्यांचे निळे-करडे पट्टेरी कपडे, कातडीचा रंग, वसंतातलं कोवळं गवत हे सारं त्या रिळांवर आहे.

न्युरेंबर्गच्या खटल्यात 29 नोव्हेंबर 1945 रोजी छावण्यांवरचा माहितीपट पुरावा म्हणून दाखवला गेला तो कृष्णधवल. तो सिद्ध करण्यात स्टीव्हन्सचाच हात होता. त्याची स्वतःची रंगीत रिळं मात्र पेट्यांत पडून राहिली. त्या अनुभवाने तो मुळापासून बदलला. युद्धाआधी हलकेफुलके विनोदी चित्रपट करणाऱ्या या माणसाने नंतर विनोदी चित्रपट केला नाही. 1959 मध्ये त्याने 'द डायरी ऑफ अॅन फ्रँक' केला, तोही कृष्णधवलच. रंगीत रिळं मुलाच्या हाती लागली ती 1975 मध्ये स्टीव्हन्स गेल्यानंतर.

युद्धानंतर जवळजवळ सगळंच रंगीत चित्रण असं अंधारात गेलं. इव्हा ब्राउनची रिळं अमेरिकी सैन्याने जप्त करून वॉशिंग्टनला नेली आणि ती राष्ट्रीय अभिलेखागारात निपचित पडली. ह्यूगो येगर या हिटलरच्या दुसऱ्या छायाचित्रकाराने आपल्या रंगीत पारदर्शिका काचेच्या बरण्यांत भरून म्युनिकबाहेर जमिनीत पुरल्या आणि 1965 मध्ये 'लाइफ' मासिकाला विकल्या. व्होल्फेनचा कारखाना रशियनांच्या ताब्यात गेला. जप्त केलेल्या आगफा फिल्मवर मॉस्कोतलं जून 1945 चं विजयसंचलन रंगीत चित्रित झालं आणि सोव्हिएत दिग्दर्शक आइझेनस्टाइनच्या 'इव्हान द टेरिबल'च्या दुसऱ्या भागातला रंगीत नाचही. तो चित्रपट स्टालिनला रुचला नाही. स्टालिन गेल्यावर, 1958 मध्ये, तो लोकांसमोर आला. व्होल्फेनची फिल्म पुढे 'ओरवो' या नावाने विकली जाऊ लागली आणि ती भारतातही बरीच वर्षं येत होती.

या मधल्या काळात जगाची आठवण करड्या रंगात घट्ट झाली. घराघरातला दूरचित्रवाणीसंचही कृष्णधवल होता. अॅलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाने 1956 च्या 'रात्र आणि धुकं' या माहितीपटात ऑशवित्झचं तेव्हाचं ओसाड, गवताळ दृश्य रंगीत घेतलं आणि भूतकाळ कृष्णधवल ठेवला. ती वाटणी इतकी पटली की तोच व्याकरणाचा नियम झाला. 1993 मध्ये 'शिंडलर्स लिस्ट' करताना स्पीलबर्गने जवळपास सगळा चित्रपट कृष्णधवल ठेवला, त्यामागेही हीच सवय होती.

हा नियम पहिल्यांदा धडाक्याने मोडला तो 1973 मध्ये. लुट्झ बेकर या संशोधकाने अमेरिकी अभिलेखागारातून इव्हा ब्राउनची रिळं शोधून काढली. फिलिप मोराने त्यांचा उपयोग करून 'स्वस्तिका' नावाचा माहितीपट केला. त्यात निवेदन नाही. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या जाणकारांकडून रिळांतलं बोलणं उलगडून घेतलं गेलं आणि नटांच्या आवाजात भरलं गेलं. कान महोत्सवात चित्रपट दाखवला तेव्हा प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला, हाणामारीपर्यंत वेळ आली. हिटलरला माणूस म्हणून दाखवता, म्हणजे त्याचं समर्थन करता, असा आरोप होता. मोरा स्वतः ज्यू. त्याची आई, चित्रकार मिर्का मोरा, मुलगी असताना फ्रान्समधल्या पिथिव्हिए छावणीत कैद होती. राक्षस म्हणून बाजूला सारलं की ही माणसं आपल्यातूनच कशी वर आली हा प्रश्नच विचारावा लागत नाही, अशी त्याची भूमिका होती. मला ती पटते. पण आरोप करणाऱ्यांची वेदनाही मी झटकून टाकणार नाही. ज्यांचे आईबाप धुरातून गेले, त्यांनी बर्गहोफच्या गच्चीवरचं कोवळं ऊन शांतपणे का पाहावं?

नंतर एकेक पेटी उघडत गेली. 1987 मध्ये व्हिएन्नातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेनेवाइनच्या पारदर्शिका सापडल्या. 1993 मध्ये फायरआबेंडच्या चित्रणावर माहितीपट निघाला. ते चित्रण जुन्या म्युनिककरांना दाखवून त्यांच्याशी बोलणं हा त्याचा गाभा होता. पुढच्या वर्षी स्टीव्हन्सच्या मुलाने वडिलांच्या रिळांवर चित्रपट केला. 1998 मध्ये दारिउश याब्वोन्स्की या पोलिश दिग्दर्शकाने गेनेवाइनवर 'फोटोअमाटोर' केला आणि रेनेची वाटणी जाणून उलटी केली. त्यात आजचं लॉड्झ कृष्णधवल आहे आणि भूतकाळ रंगीत. घेट्टोत डॉक्टर म्हणून राबलेला आणि वाचलेला अरनॉल्ड मोस्टोविच त्या पारदर्शिका समोर ठेवून बोलतो. चित्रात जे आहे ते घेट्टोतच घडलं हे तो नाकारत नाही, आणि तरीही त्याने पाहिलेला घेट्टो हा नाही. या विषयावर मी पाहिलेल्या कामांत हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण चित्रं कोणी आणि कशासाठी काढली हे ते क्षणभरही विसरू देत नाही.

एकविसाव्या शतकात मात्र दुसरीच लाट आली. सापडलेला रंग पुरेना, म्हणून कृष्णधवल चित्रणावर संगणकाने रंग चढवायला सुरुवात झाली. 2009 मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर आलेल्या 'अपोकॅलिप्स' या मालिकेने याला प्रतिष्ठा दिली. गणवेश, पदकं, वाहनं यांचे रंग अभ्यासून ठरवले गेले, आणि तरुण प्रेक्षक मोठ्या संख्येने युद्धाच्या इतिहासाकडे वळला. याचं मोल कमी नाही. पण अशा मालिकांत इव्हा ब्राउनचं अस्सल रंगीत रीळ, सरकारी प्रचारपथकाचं रंगवलेलं चित्रण आणि एखाद्या सैनिकाची हौशी फिल्म एकापाठोपाठ एक, एकाच झळाळीत सरकत जातात. कुठला तुकडा कोणाच्या हातचा, हे प्रेक्षकाला कळायचा मार्गच उरत नाही. प्रचारपथकाने योजलेलं दृश्य रंग चढल्यावर घरगुती आठवणीइतकं निरागस दिसू लागतं.

'अपोकॅलिप्स'च्या कर्त्यांनी ज्यूंच्या संहाराची दृश्यं तेवढी रंगवली नाहीत. आदर म्हणून ती कृष्णधवलच ठेवली. जॉर्ज दिदी-ह्युबरमान या फ्रेंच विचारवंताने मालिकेवर कडक टीका केली. संहाराची दृश्यं न रंगवण्याच्या निर्णयामागचा संकोच मी समजू शकतो. पण त्यातून जुनीच विभागणी पुन्हा उभी राहते: फौजा, नेते, मेळावे, विजय रंगात, आणि मारले गेलेले लोक करड्या रंगात, जणू ते त्या जगात राहतच नव्हते. डाखाऊचा खरा रंग स्टीव्हन्सने 1945 मध्येच टिपून ठेवला आहे. तो चढवावा लागत नाही. अशा मालिकांनी तो आधी दाखवावा आणि बर्गहोफची गच्ची त्यानंतर.